जिन्याच्या वळणावर थॅलियम

आमच्या घरात माझ्या स्मरणशक्तीबद्दल कुणाचाही गैरसमज नाही. "हिच्याकडे निरोप देऊ नका, चिठ्ठी द्या," असं आई म्हणायची, आणि चिठ्ठी दिली की ती कुठे ठेवली हे मी विसरायचे. त्यामुळे लेक आवर्तसारणीतली पहिली तीस मूलद्रव्यं घोकत येरझारा घालत होती आणि मी सहज बोलून गेले की, "तीसच काय, मी सगळी ११८ पाठ करून दाखवते, तीही अणुक्रमांकासकट," तेव्हा तिला हसू आवरेना. ते हसणं मला लागलं. पुढचे चार महिने मी काय काय केलं आणि त्यात माझं काय झालं, ते लिहून ठेवते आहे.

पहिला आठवडा शाळेत करत आले तेच केलं. कागद भिंतीला चिकटवला आणि हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम असा जप लावला. रात्री झोपताना चाळीस नावं ओळीने येत होती. सकाळी मोजून तेरा उरली, आणि त्यातली पहिली दहा तर शाळेपासूनचीच होती. म्हणजे रात्रभरात हाताशी राहिलेली निव्वळ कमाई तीन.

मग थोडं वाचन केलं, तेव्हा हेर्मान एबिंगहाउस हा जर्मन गृहस्थ भेटला. अर्थाची मदत मिळू नये म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट बनवले, जवळपास २३००, आणि ते पाठ करायचे, विसरायचे, पुन्हा पाठ करायचे हा उद्योग एकट्याने स्वतःवरच केला. १८८५ साली त्याने आपला हिशेब छापला. पहिल्यांदा पाठ करायला जेवढे कष्ट पडले त्यातले दुसऱ्यांदा किती वाचतात, हे त्याने मोजलं होतं. २० मिनिटांनी ५८ टक्के वाचतात, एका दिवसाने ३४ टक्के, ३१ दिवसांनी २१ टक्के. घसरगुंडी सगळी सुरुवातीलाच, नंतर उतार संथ होत जातो. मी माझ्या चाळिसातल्या तेरांची टक्केवारी काढली तर ती साडेबत्तीस आली. मोजायची रीत वेगळी आहे हे कळत होतं, तरी बरं वाटलं. डोक्याला भोक आहे, पण ते माझ्या एकटीच्या नाही.

जागांची युक्ती, म्हणजे ओळखीच्या घरात जागोजागी एकेक चित्र ठेवायचं आणि मनाने तिथून क्रमाने चालत जाऊन ते आठवायचं, ही मला आधी ऐकून माहीत होती, पण ती जादूचे प्रयोग करणाऱ्यांसाठी असावी असा माझा समज होता. सिमोनिडीस नावाचा ग्रीक कवी मेजवानीतून काही कामाने बाहेर येतो, मागे छत कोसळतं, आत दबलेल्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, पण कोण कुठे बसलं होतं हे आठवून तो एकेकाची ओळख पटवतो, ही गोष्ट रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. ५५ मध्ये लिहून ठेवली आहे. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला मुद्दा मला पटला. मला निरोप आठवत नाही, पण चिठ्ठी पिवळ्या कागदाची होती आणि ती खिडकीपाशी उभं राहून घेतली होती, हे मात्र आठवतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मरणस्पर्धा गाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले होते. त्यांची बुद्धी किंवा मेंदूची घडण इतरांपेक्षा वेगळी निघाली नाही. वेगळं एवढंच होतं की पाठ करताना त्यांच्या मेंदूतले वाट शोधायला लागणारे भाग कामाला लागत होते. वाटा मला आठवतात. तेव्हा ठरवलं की करून पाहायचं.

यासाठी डोळे मिटून फिरता येईल अशी जागा हवी. मी आमचं जुनं घर निवडलं. ते विकून, पाडून अकरा वर्षं झाली. कागदावर त्याचा नकाशा काढायला बसले आणि पहिल्याच खोलीत अडले. कपाट उजवीकडे होतं की डावीकडे? दादाला फोन लावला.

"दादा, आजीच्या खोलीत ट्रंक खिडकीखाली होती ना?"

"खिडकीखाली पलंग होता. ट्रंक दाराआड. तू तिच्यावर बसून रडायचीस."

"मी नाही, तू रडायचास."

"बरं, मी रडायचो. पण दाराआडच होती."

तीन संध्याकाळी आम्ही फोनवर ते घर पुन्हा उभं केलं. तारेसारखा तडा गेलेली काच, हात लावला की झिणझिण्या आणणारं बटण, जिन्याची करकरणारी तिसरी पायरी. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त शिल्लक होतं. नुसतं आठव म्हटलं असतं तर यातलं काहीच आलं नसतं. फाटकापासून गच्चीपर्यंत क्रमाने चालत गेले म्हणून एकेक वस्तू आपल्या जागेवर सापडत गेली. शेवटी ११८ जागा भरल्या. हा सगळा खटाटोप मूलद्रव्यांसाठी आहे हे मी दादाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, बहिणीला घराची आठवण येते आहे.

इ.स.पू. पहिल्या शतकातला एक लॅटिन वक्तृत्वग्रंथ आहे, लेखक अज्ञात. त्यात या कामाचे नियम इतके बारकाईने दिले आहेत की वाचताना एखाद्या खडूस पण अनुभवी मास्तरांसमोर बसल्यासारखं वाटतं. जागा एकसारख्या दिसणाऱ्या नकोत, नाहीतर गोंधळ होईल. फार उजेडातल्या नकोत, फार अंधारातल्या नकोत. दर पाचव्या जागेला खूण हवी, जसा पाचव्या जागी सोन्याचा हात. आणि ठेवायची चित्रं साधी नकोत. मुकुट घातलेली, रक्ताने माखलेली, हास्यास्पद अशी हवीत, कारण रोजचं रोज दिसणारं मन विसरतं. मी दर पाचव्या जागी भिंतीवर सोनेरी पंजा उमटवला. तो फार उपयोगी पडला. पंचवीस म्हटलं की पाचवा पंजा, एवढं मोजलं की पोचले.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. जागा म्हणजे मेणाची पाटी आणि चित्रं म्हणजे तिच्यावरची अक्षरं. अक्षरं वापरात नसली की पुसून जातात, पाटी मात्र तशीच राहते. मी ते वाक्य वाचून मान डोलावली आणि पुढे गेले. त्याच्याकडे नंतर यावं लागणार होतं.

चित्रं बनवायला सुरुवात केली ती नावांच्या आवाजावरून. निकेलच्या जागी शाळेचा निकाल चिकटवला, सगळे शेरे लाल. दाराआडच्या ट्रंकेवर रोडियम आलं, म्हणून तिथे रडणारा दादा बसवला. ज्याचा आवाजावरून काही पत्ता लागेना त्याचे गुण धरले. सुरुवातीला मी फार सभ्य चित्रं काढत होते: टेबलावर बाटली, बाटलीवर चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी बाटली दिसायची, चिठ्ठी कोरी. मग जरा बेशरम व्हायला शिकले. कुणाची पँट सुटली, कुणी कपाट खाल्लं, कुणी आरशात स्वतःलाच थोबाडीत मारली. ही चित्रं इथे सविस्तर सांगण्यासारखी नाहीत आणि सांगितली तरी तुमच्या कामाची नाहीत. दुसऱ्याचं चित्र आपल्या डोक्यात टिकत नाही. एक तयार यादी मी उसनी घेऊन पाहिली होती. ती लक्षात ठेवणं मूळ यादीपेक्षा अवघड गेलं.

क्रमाने म्हणणं जमू लागलं. पण लेक म्हणाली, "आई, त्रेपन्न कोण?" आणि मला दहाव्या पंजापासून पावलं मोजत जावं लागलं. मी बोटं मोडत असताना ती जांभई देत होती. म्हणजे आकड्यांसाठी वेगळी सोय हवी. इंग्रजीत व्यंजनांना अंक देणारी एक पद्धत आहे, ती माझ्या जिभेवर बसेना. मग आपली कटपयादी आठवली. तिच्यात क, ट, प, य म्हणजे १. ख, ठ, फ, र म्हणजे २. ग, ड, ब, ल म्हणजे ३. घ, ढ, भ, व म्हणजे ४. ङ, ण, म, श म्हणजे ५. च, त, ष ६. छ, थ, स ७. ज, द, ह ८. झ, ध आणि ळ ९. ञ आणि न शून्य. व्यंजनाला जोडलेल्या स्वराला किंमत नाही. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्ता रागांची नावं याच बेताने ठेवलेली आहेत. मायामालवगौळ म्हटलं की म म्हणजे ५, य म्हणजे १, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणून तो पंधरावा. हे उलटं वाचणं मात्र मला झेपेना. परंपरेची क्षमा मागून मी सरळ डावीकडून वाचायचं ठरवलं.

आणि मग जी गंमत सुरू झाली तिच्यासाठी तरी हा सगळा उद्योग करावा. सोनं ७९: थ आणि ळ, थाळी. सोन्याची थाळी! तांबं २९: फळ. पोटॅशियम १९: केळं, आणि केळ्यात पोटॅशियम असतं हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. सोडियम ११: काका. सोडियम पाण्यात पडलं की भडकतं, तेव्हा आमचे एक तापट काका बादलीत पडून पेटलेले मला कायमचे दिसू लागले. आयोडीन ५३: शाल, आणि आयोडीनची वाफ जांभळी, म्हणजे जांभळी शाल. प्लॅटिनम ७८: साज. टंगस्टन ७४: थवा, जळत्या दिव्यांचा. हे शब्द मी जुळवत नव्हते, ते आधीपासून तिथे होते आणि मी फक्त झाकण उघडत होते, असं वाटायचं. अर्थात प्रत्येकाला इतकं देखणं नशीब नव्हतं. कित्येक आकड्यांना कसाबसा ओढूनताणून शब्द लावला आणि ते नेमके तिथेच दगा देत राहिले.

एक बारीक गोष्ट. या पद्धतीत ल आणि ळ यांच्यात सहाचा फरक आहे, न आणि ण यांच्यात पाचाचा. फळ २९, फल २३. गान ३०, गाण ३५. ज्यांच्या बोलण्यात ण आणि ळ धड उमटत नाहीत त्यांचं पुढे काय होणार, याची मला उगीच काळजी वाटू लागली.

सगळ्यात रटाळ भाग ५७ ते ७१, लँथॅनाइडं. प्रॅसिओडिमियम, निओडिमियम, प्रोमेथियम, समेरियम... सगळ्यांचा चेहरा एक, आडनाव एक. त्यांना एकाच खोलीत कोंबलं ही चूक केली. ती एकमेकांत मिसळली आणि दोन आठवडे मला त्या खोलीत जायची भीती वाटत होती. सुटका झाली ती थोड्या माहितीमुळे. स्वीडनमधल्या इटरबी नावाच्या एका गावावरून चार मूलद्रव्यांची नावं आली आहेत: इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम. ३९, ६५, ६८ आणि ७०. कटपयादीत बाळ, ताण, तेज, सून. घरात बाळ, त्याचा ताण, तरी चेहऱ्यावर तेज असलेली सून. चौघांचं एक कुटुंब झालं, आणि कुटुंब झाल्यावर ती कधीच हरवली नाहीत. या चौघांसाठी मी चित्रापेक्षा गोष्टीवर जास्त विसंबले, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आता जिना. माझी आवडती जागा होती ती, म्हणून जरा थांबून सांगते. ८० म्हणजे ज आणि न, जिना. घरात खराखुरा जिना असताना पारा दुसरीकडे कुठे ठेवणार? मी वाट मुद्दाम वळवून, खालच्या खोल्यांत दोन जागा वाढवून, जिन्याचा पायथा बरोब्बर ऐंशीवर आणला. त्याच्या आधी, जिन्याखालच्या फळीवर, ७९ ची सोन्याची थाळी. ती पडून खणखणते आणि त्या आवाजाने वर कुठेतरी पारा सांडतो. तो पायऱ्या उतरत येतो, तिसऱ्या पायरीवर करकर वाजतं, थेंब फुटतात, पुन्हा जुळतात. वळणावर ८१, थॅलियम. ह आणि क, हाक. थॅलियम विषारी, त्याने केस गळतात, आणि त्याचा शोध लागला तो वर्णपटात दिसलेल्या हिरव्या रेषेमुळे. म्हणून वळणावर हिरव्या उजेडात एक तुळतुळीत डोक्याचा माणूस उभा राहून हाक मारतो. त्याच्या हातात त्याचेच केस. पुढे वर गच्चीचं दार: ८२, द आणि र, दार. शिसं ८२. दार शिशाचं, ढकलता ढकलत नाही, खांदा लावावा लागतो. आणि ते उघडलं की बाहेर ८३. ज आणि ग. बिस्मथ. बिस्मथच्या स्फटिकांवर इंद्रधनुष्यासारखे रंग चढतात, पायऱ्यापायऱ्यांचे, चौकोनी. शिशाचं दार उघडलं की पलीकडे सगळं जग त्या रंगांचं. मी दिवसातून दोनदा तरी नुसती हौस म्हणून तो जिना चढायचे.

सव्वादोन महिन्यांनी मी लेकीला सारणी हातात धरायला लावली आणि डोळे मिटून ११८ च्या ११८ म्हणून दाखवली. साडेनऊ मिनिटं लागली. मग तिने मधलेच आकडे विचारले, आणि एका ठिकाणी अडखळून बाकी सगळे आले. ती हसली नाही. मला वाटलं, जिंकलं. दादालाही फोनवर म्हणून दाखवलं, पंचेचाळिसाव्याला तो म्हणाला, "एवढ्या वर्षांनी अजून मी त्या ट्रंकेवरच का?"

मग इतर कामं आली आणि तीन आठवडे मी त्या घरात फिरकले नाही. परत गेले तर ७१ उरली होती. खोल्या जागच्या जागी, पंजे जागच्या जागी, आणि मधे मधे रिकाम्या भिंती. जिना शाबूत होता. पण खालच्या मोठ्या खोलीत नुसता फर्निचर हलवल्यावर उरतो तसा डाग.

चूक कुठे झाली ते लेकीने दाखवलं. "तू उजळणी करताना कागद उघडा ठेवतेस. अडलं की बघतेस." खरंच होतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी केलेला प्रयोग मी नंतर वाचला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं: पुन्हा वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. उघड्या कागदाने मला आपल्याला येतंय असं वाटायला लावलं होतं. त्यानंतर कागद कपाटात गेला. अडलं तर अडून राहायचं, डोकं खाजवायचं, फेरी संपल्यावरच बघायचं. हे फार त्रासाचं आहे. पण ज्या जागी मी असं मिनिटभर तरी अडून बसले होते ती जागा पुन्हा रिकामी झाली नाही. फेऱ्याही रोज नाही, एक दिवसाने, मग तीन, मग आठ, मग तीन आठवड्यांनी. जिथे दोनदा चुकले तिथे पुन्हा एक दिवसापासून सुरू. चित्रांनी मला आत यायला दार दिलं, पण घर राहतं राहिलं ते या कंटाळवाण्या फेऱ्यांमुळे, आणि ज्यांना वाटतं की युक्ती कळली की मेहनत वाचते, त्यांना मी एवढंच सांगेन की माझी तरी वाचली नाही.

या काळात किल्ल्या हरवणं, लोकांची नावं विसरणं पूर्वीसारखंच चालू होतं. "आवर्तसारणीवाल्या बाई, गॅस बंद केलास का?" असं घरात ऐकावं लागे. याचंही उत्तर वाचनात सापडलं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका विद्यार्थ्याने २३० तासांहून अधिक सराव करून एकदा ऐकून ध्यानात ठेवायच्या अंकांची संख्या ७ वरून ७९ वर नेली. तो धावपटू होता आणि अंकांना शर्यतींच्या वेळा मानायचा. मग त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहाच्या आसपास. म्हणजे त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती; त्याने अंकांसाठी एक कपाट बांधलं होतं. माझं कपाटही मूलद्रव्यांचं. किल्ल्यांसाठी शेवटी मी दाराशी एक खिळा ठोकला.

खरी फजिती पुढे झाली. लेकीने एकदा सहज विचारलं, "आई, पोटॅशियम पाण्यात सोडियमपेक्षा जास्त का भडकतं?" माझ्याकडे पेटलेले काका होते, केळं होतं, दोन्हींचे आकडे होते. उत्तर नव्हतं. तिला, जिला जेमतेम तीस नावं येत होती, ते येत होतं: पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून जास्त लांब, त्यामुळे लवकर सुटतो. मी ते पुस्तक घेऊन बसले आणि मग एक मजेदार गोष्ट झाली. निष्क्रिय वायूंची रांग दिसली: हेलियम २, निऑन १०, आर्गॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४, रेडॉन ८६, आणि शेवटचं ओगानेसॉन ११८. मधली अंतरं ८, ८, १८, १८, ३२, ३२. हे दिसल्यावर या सात जागांवरची चित्रं मला लागेनाशी झाली. सोडियमच्या घरातली माणसं प्रत्येक निष्क्रिय वायूच्या पुढच्या पायरीवर उभी: ३, ११, १९, ३७, ५५, ८७. तीही सुटली. मेंडेलेएव्हने १८६९ मध्ये सारणी मांडताना न सापडलेल्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या होत्या आणि पुढे त्यांची कच्ची नावं ठेवताना आपलाच 'एक' वापरला होता: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. गॅलियम १८७५ मध्ये सापडलं, जर्मेनियम १८८६ मध्ये. त्याच्या घरात जागा आधी होत्या आणि वस्तू नंतर आल्या. माझं उलट. माझ्या घरात कुठलीही वस्तू कुठेही बसली असती. क्रोमियम शेजारच्या मँगेनीजला ओळखत नव्हतं.

तेव्हापासून मी दोन्ही वापरते. जिथे आतून सांगाडा दिसतो तिथे सांगाडा. जिथे तो नाही, किंवा असूनही मला दिसत नाही, तिथे बेशरम चित्रं. नवी यादी आली की तिच्यासाठी दवाखान्याचा प्रतीक्षाकक्ष घेते किंवा एखाद्या कचेरीचा लांबलचक बोळ, जिथे मी नाइलाजाने तासन्‌तास बसले आहे. तिथे काहीही सांडलं तरी हरकत नाही. जुन्या घरात मी आता नवं काही ठेवत नाही.

याचं कारण मेणाची पाटी. एकदा मी तिथेच एका भाषणाचे मुद्दे ठेवून पाहिले. पायऱ्यांवरून पारा ओघळत असताना मध्येच आभारप्रदर्शन आलं आणि माझी भर सभेत त्रेधा उडाली. जुनी चित्रं जायला तयार नव्हती. म्हटलं, ठीक आहे, फेऱ्या बंद करू, पुसली जातील. आठ महिने केल्या नाहीत. खालच्या मोठ्या खोलीतली बरीच पुसली गेली. लँथॅनाइडांपैकी इटरबीच्या कुटुंबातली तेवढी राहिली आहेत. पण ज्या जागा मुळातच मला प्रिय होत्या, तिथे अक्षरं मेणात उतरून बसली.

गेल्या महिन्यात दादा आला होता. जेवणं झाल्यावर जुन्या घराचा विषय निघाला, आणि मी तीन संध्याकाळी त्याच्याशी कशासाठी बोलत होते हे आता त्याला माहीत असल्यामुळे त्याने मला चिडवून घेतलं. मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आजी कुठे उभी राहून हाक मारायची, आठवतं? आपण गच्चीवर असलो की?"

"जिन्याच्या वळणावर."

"तिला गुडघ्यांमुळे पुढे चढता यायचं नाही. अर्ध्यावर यायची आणि तिथूनच हाका. हातात कठडा धरलेला."

मला आठवत होतं. वळणावरची ती जागा निवडताना हाक हा शब्द मला इतक्या पटकन का सुचला, तेही तेव्हाच कळलं; मी त्याचं सगळं श्रेय कटपयादीला दिलं होतं. मी डोळे मिटून बघायला गेले. पायथ्याशी थाळी खणखणली, पारा ओघळत आला, तिसरी पायरी करकरली. वळणावर हिरवा उजेड होता आणि तो तुळतुळीत डोक्याचा माणूस आपले केस हातात घेऊन उभा होता. आजी त्याच्या मागे होती. तिचा कठड्यावरचा हात तेवढा दिसत होता.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"काही नाही. तू सांग ना, कुठली साडी असायची तिची?"

तो सांगू लागला आणि मी त्या माणसाला जरा बाजूला सरकायला सांगत राहिले.